दहा फुटांच्या भिंतीवर बोरीबंदर ते ठाणे: घरच्या घरी, कमी खर्चात थीम पार्टी

थीम पार्टी म्हटलं की बाजारातलं तयार किट आठवतं. कार्टूनचं तोंड छापलेल्या प्लास्टिकच्या पताका, फॉइलची अक्षरं, ढीगभर फुगे आणि त्यांची कमान. पैसे मोजले की तासाभरात भिंत भरते. पण फोटो बघितले तर ते घर तुमचं की वरच्या मजल्यावरच्यांचं, हे ओळखता येत नाही. शिवाय थर्मोकोलच्या सजावटीवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी ती कुठून ना कुठून या किटांत डोकावतेच.

माझं म्हणणं एवढंच, की थीम जवळची निवडा. जी गोष्ट मुलं रोज बघतात, तिची सजावट घरच्या पुठ्ठ्यातून होते, आजी-आजोबांनाही तिच्याबद्दल चार गोष्टी सांगता येतात आणि खेळ वेगळे शोधावे लागत नाहीत. ठाण्यात आणि नवी मुंबईत राहणाऱ्यांना तर विषय दाराशी आहेत: खाडीतले फ्लेमिंगो, तलाव आणि सगळ्यात आधी आगगाडी. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, ३४ किलोमीटर, आणि ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला याहून चांगली थीम मला तरी सुचत नाही. म्हणून इथे हीच एक पार्टी सविस्तर सांगते. बाकीच्या थीमना हीच रीत लागू पडते.

आधी टेप, मग कात्री

सजावटीची सुरुवात मोजमापाने करा. आपल्याकडचा हॉल साधारण दहा बाय बारा फुटांचा. त्यात सोफा, टीव्ही आणि शू-रॅक वजा केलं की सजवायला एकच भिंत मोकळी उरते. तीच घ्या. चारही भिंतींना थोडं थोडं चिकटवलं की घर सजल्यासारखं न दिसता नुसतं पसरल्यासारखं दिसतं. एक भिंत, एक टेबल आणि दारातून आत येतानाची जागा, एवढं नीट झालं की पुरे.

भिंतीची रुंदी इंचांत लिहून ठेवा. पंख्याचं पातं कुठवर फिरतं ते बघा, कारण लोंबणारी माळ नेमकी तिथे आली तर केक कापायच्या आधीच तिचा निकाल लागेल. रंग कुठला आहे तेही बघा. प्लास्टिक पेंटवर कागदी टेप छान धरते आणि अलगद निघते. डिस्टेंपर असेल तर टेपेबरोबर रंगाचा पापुद्रा निघतो, आणि भाड्याच्या घरात ते डिपॉझिटवर येतं. दाराआडच्या कोपऱ्यात तुकडा लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी काढून बघा. निघत नसेल किंवा रंग घेऊन येत असेल, तर भिंतीला हात न लावता पडद्याच्या दांड्यापासून समोरच्या खिडकीच्या ग्रिलपर्यंत सुतळी ताणा आणि सगळं तिला टांगा.

आता उंची. आपण उभ्याने चिकटवतो, म्हणून सगळं फार वर जातं. मुलांची नजर जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर असते. मुख्य चित्र त्या उंचीवर आलं तर फोटोत मूल आणि सजावट दोन्ही एका चौकटीत बसतात. नाहीतर खाली डोकी आणि वर रिकामी भिंत.

तीन रंग आणि एक पिशवी

रंग तीनच ठेवा. या थीमला खाकी, पिवळा आणि काळा. खाकी फुकटात मिळतो, कारण तो खोक्याचाच रंग. पिवळा आणि काळा स्टेशनच्या पाटीचे. चौथा रंग घ्यायचा मोह होईल, विशेषतः चमकीचा. चमकी आणू नका. ती पुढे कित्येक दिवस फरशीच्या सांध्यांतून निघत राहते, शिवाय चमकी लावलेला कागद रद्दीतही जात नाही.

खोकी दोन आठवडे आधीपासून साठवा. घरपोच मागवलेल्या सामानाची खोकी प्रत्येक मजल्यावर दारोदार पडलेली असतात. सोसायटीच्या ग्रुपवर एक ओळ टाकलीत तर संध्याकाळपर्यंत तुम्हालाच "आता पुरे" म्हणावं लागेल. खोक्यावर कंपनीचं नाव छापलेलं असेल तर त्याचा चिकटवलेला जोड कटरने उघडा, खोकं उलटं करून पुन्हा चिकटवा. आतली कोरी बाजू बाहेर येते, कागद चढवायची गरज राहत नाही.

विकत घ्यायचं ते एवढंच: पिवळ्या घोटीव कागदाचे सहा ताव, काळी कार्डशीट दोन, पतंगाचा पांढरा कागद, लाल-पिवळ्या-हिरव्या जिलेटिनचा एकेक तुकडा, कागदी टेप, फेविकॉल, सुतळी आणि घरात नसेल तर पिवळ्या एलईडीची एक माळ. ठाण्यात असाल तर जांभळी नाक्याच्या बाजारात हे सगळं एका फेरीत होतं. नवी मुंबईत सेक्टरच्या बाजारातलं शाळेच्या वस्तूंचं दुकान गाठा, पार्टीच्या सामानाचं नको. तोच कागद तिथे पार्टीचा कागद म्हणून विकत नाहीत. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मात्र बाजारात पाऊल ठेवू नका. गर्दी आहेच, वर दुकानदार "ताई, सुटा नाही, अख्खं पाकीट घ्या" म्हणतो.

खर्चाचा आकडा बाजारात जायच्या आधी ठरवा आणि तेवढेच पैसे वेगळ्या पाकिटात घेऊन जा. सजावटीला मिळून हजार रुपये ठरवले, तर त्यातला मोठा वाटा एलईडी माळेला जाईल आणि ती पुढे दिवाळीलाही चालेल.

गाडी

ही मुख्य वस्तू, म्हणून इथे वेळ द्या. भिंत दहा फुटी, म्हणजे १२० इंच धरू. चौदा डबे प्रत्येकी ६ इंच लांब म्हणजे ८४ इंच. तीन इंजिनं ७ इंचांची, २१ इंच. मधली सोळा अंतरं अर्ध्या अर्ध्या इंचाची, ८ इंच. बेरीज ११३. दोन्ही बाजूंना साडेतीन इंच मोकळे राहतात आणि अख्खी ऐतिहासिक गाडी भिंतीवर मावते. भिंत नऊ फुटांची असेल तर डबे ५ इंचांचे करा, डब्यांची संख्या कमी करू नका. मुलं डबे मोजतात.

डब्याची उंची ४ इंच. पुठ्ठा कापताना त्याच्या आतल्या नळ्या आडव्या येतील असं बघा, म्हणजे डबा लांबीत वाकत नाही. कटर उभा न धरता तिरका धरा आणि एकाच दमात आरपार जायचा हट्ट सोडा. पट्टी लावून पहिला हात हलका मारा, दुसरा थोडा दाबून, तिसऱ्यात तुकडा सुटतो. जोर लावला की नळ्या चेपतात आणि कड फाटक्या पावासारखी दिसते. खाली दुसरं खोकं उघडून अंथरा. कटरचं काम मोठ्यांचं. मुलांकडे चाकं द्या. बाटल्यांची झाकणं काळी रंगवून प्रत्येक डब्याला चार लावली की चौदा डब्यांची छप्पन्न झाकणं होतात. एवढी जमत नसतील तर बांगडी ठेवून काळ्या कार्डशीटवर गोल आखा.

प्रत्येक डब्याला तीन खिडक्या आखा. मधली कापून मागून फोटो चिकटवा. पासपोर्ट आकाराचा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा असतो, त्याला ३२ बाय ४२ ची खिडकी बरोबर बसते. पहिल्या डब्यात जन्माचा फोटो, मग रांगताना, मग पहिल्या गणपतीतला, असं करत शेवटच्या डब्यात शाळेच्या गणवेशातला. पाहुणे खिडक्यांत डोकावत बसतात आणि मोठ्यांना बोलायला विषय मिळतो. इंजिनांवर साहिब, सिंध, सुलतान ही नावं काळ्या कार्डशीटची अक्षरं कापून लावा.

इंजिनासाठी पुठ्ठ्याच्या आयतावर टिश्यू रोलची नळी आडवी चिकटवा, तिचा तुकडा कापून धुराडं करा. धुरासाठी पतंगाचा कागद चुरगळून, पुन्हा उलगडून, ढगासारखा टेपेने लावा. कापूस छान दिसतो, पण केकवरच्या मेणबत्तीच्या आसपास कापूस नको. एकूणच केकचं टेबल भिंतीपासून हातभर पुढे ठेवा आणि कागदाची कुठलीही झिरमिळी टेबलावर लोंबू देऊ नका.

डब्यांच्या मागे पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे एकावर एक दोन लावा आणि मग टेप. डबा भिंतीपासून थोडा पुढे येतो, मागे सावली पडते, आणि चपटा पुठ्ठाही खरा वाटायला लागतो. खाली रूळ म्हणून काळ्या कागदाच्या दोन लांब पट्ट्या आणि आडवे खाकी तुकडे.

पाट्या, पताका, पंखे

दाराजवळ "ठाणे" अशी पाटी लावायची. १४ बाय ८ इंचांचा पुठ्ठा, त्यावर पिवळा कागद, काळी जाड अक्षरं. मग घरभर स्टेशनं वाटा. चपला काढायची जागा म्हणजे कळवा कारशेड. स्वयंपाकघर म्हणजे कर्जत, कारण वडे तिथूनच येणार. हॉल ते बेडरूमचा पॅसेज म्हणजे पारसिक बोगदा. खरा बोगदा १९१६ पासूनचा आणि सुमारे १.३ किलोमीटरचा आहे, तुमचा सहा फुटांचाही चालेल. दोन खुर्च्यांवर काळी चादर टाकली की झाला. ज्या खोलीत बाळं झोपणार, तिथे "यार्ड: प्रवेश बंद". वाशी-नेरूळकडच्यांनी ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी आपली लाइन लावावी. अक्षर आजोबांकडून काढून घ्या. बोरूने पाट्या रंगवलेल्या पिढीचा हात आपल्या प्रिंटरपेक्षा बरा असतो, आणि त्यांना पार्टीत काम मिळतं.

पताकांचा हिशेब असा. २० बाय ३० इंचांच्या तावातून ६ बाय १४ चे सहा तुकडे निघतात. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडायचा, घडीची बाजू वर ठेवून खालच्या बाजूने त्रिकोण कापायचा. घडीत सुतळी ठेवून आतून फेविकॉल लावला की पताका घसरत नाही आणि दोन्ही बाजूंनी रंगीत दिसते. दोन पताकांमध्ये दोन इंच सोडले तर दहा फुटांना पंधरा लागतात, माळेला झोल द्यायचा म्हणून दोन वाढवा. तीन तावांत काम होतं.

कागदी पंखे, म्हणजे चुण्यांची गोल चक्रं, गाडीच्या वरच्या रिकाम्या जागेला शोभतात. ए-फोर कागदाला लांबीच्या बाजूने दोन-दोन सेंटिमीटरच्या उलटसुलट घड्या घाला, तयार पट्टी मधोमध दोऱ्याने बांधा आणि दोन्ही टोकं उघडून एकमेकांना चिकटवा. दोन कागदांत गोल पूर्ण होतो, पण चुण्या पसरून सपाट पडतात. तीन घ्या, २१ सेंटिमीटरचं भरीव चक्र होतं. घडी नखाने दाबली तर ती संध्याकाळपर्यंत उमलते, चमच्याच्या पाठीने दाबा.

हे सगळं फेविकॉलने करायलाच हवं असं नाही. पातळ कागदाला खळ जास्त चांगली. एक वाटी मैद्याला चार-पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन अर्धपारदर्शक झाली की उतरवायची. पूर्वी कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलं हात घालणार असतील तर अजिबात नको. दोन दिवसांत खळ संपवा.

पावसाळ्यातला वाढदिवस असेल तर गणित बदलतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या दमट हवेत क्रेप कागद लोळतो, ओला हात लागला तर रंग सोडतो आणि चिकटवलेले कोपरे रात्रीतून उठतात. तेव्हा पताका कापडाच्या करा. शिंप्याकडच्या चिंध्या किंवा विरलेल्या सुती साडीचे तुकडे सुतळीवर नुसते गाठीने बांधले तरी देखणे दिसतात. काठ असलेली साडी असेल तर काठ वेगळा कापून टेबलाच्या पुढच्या कडेला लावा.

तिकीट, टीसी, सिग्नल

आमंत्रण तिकिटाचं. पुठ्ठ्याची जुनी तिकिटं साधारण ५७ बाय ३० मिलिमीटरची असत. तेवढ्या आकारात मजकूर मावत नाही, म्हणून दुपटीने मोठं करा: कुठून, कुठवर, तारीख, गाडीची वेळ. "दुपारी ३.३५ ला सुटेल" असं छापलंत तर १८५३ च्या गाडीच्या वेळेशी मेळ बसतो, पण दुपारी मुलं झोपाळलेली असतात. मी पाच वाजताची वेळ घेईन. तिकिटावर क्रमांक घाला आणि दारात मामाला टीसी करून पंचिंग मशीन हातात द्या. विनातिकीट आलेल्याला दंड म्हणून एक गाणं. हे काम मुलाच्या बाबांना देऊ नका, ते फोटोंत अडकलेले असतात.

सिग्नल हाच खेळ. लांबट खोक्याला चार गोल भोकं पाडा. वरून पिवळा, हिरवा, पिवळा, लाल असं जिलेटिन मागून चिकटवा आणि प्रत्येक भोकामागे टॉर्चचा उजेड पडेल अशी जागा ठेवा. उपनगरी मार्गावर एक पिवळा आणि दोन पिवळे असे वेगवेगळे संकेत असतात, हे बऱ्याच मोठ्यांनाही माहीत नसतं. खेळात लाल म्हणजे जागच्या जागी थांबा, एक पिवळा म्हणजे पाऊल-पाऊल, दोन पिवळे म्हणजे भरभर, हिरवा म्हणजे उड्या. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा, किंवा त्यांच्या मुलांनाही तिकीट द्या. दुसरा उपाय जास्त टिकाऊ.

दुसरा खेळ अनाउन्समेंटचा. एक मूल "पुढील स्टेशन, कळवा" म्हणतं, बाकीच्यांनी रांगेने, पुढच्याचा खांदा धरून तिथे पोहोचायचं. बोगद्यात शिट्टी. यापेक्षा जास्त खेळ आखू नका.

खाण्यात छोटे बटाटेवडे, कोरडी भेळ, वाफवलेले मक्याचे दाणे, कोकम सरबत. भेळेचा पुडा वर्तमानपत्राचा करायची हौस होईल. तेलकट पदार्थ छापील कागदात देऊ नयेत असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही बजावलेलं आहे; शाई अन्नात उतरते. कोऱ्या खाकी कागदाचा पुडा करा, नाहीतर पत्रावळी-द्रोण आणा. घरात स्टीलचे छोटे डबे असतील तर सगळ्यात छान. लोकलच्या थीमला डबा शोभतोही आणि फेकायचा कचराही होत नाही.

उजेडाकडे शेवटी लक्ष जातं आणि फोटो तिथेच बिघडतात. ट्यूबलाइट बंद करून पिवळी एलईडी माळ गाडीच्या वरून सोडा, समोरच्या बाजूने एखादा पिवळा दिवा लावा. माळेची पिन आणि वायर मुलांच्या वाटेत येत असेल तर ती भिंतीच्या कडेने टेपेने बसवा.

याच मापात आणखी दोन थीम

हिवाळ्यात वाढदिवस असेल तर फ्लेमिंगो घ्या. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ते पक्षी दिसत असल्याने पार्टीच्या आदल्या रविवारी मुलांना लांबून दाखवूनही आणता येतात. रंग तीन: गुलाबी, राखाडी, चिखलाचा तपकिरी. राखाडी विसरू नका, कारण पिल्लं राखाडी असतात; गुलाबी रंग खाण्यातल्या शेवाळातून आणि कोळंबीसारख्या बारक्या जिवांतून नंतर चढतो. लहान पाहुण्यांना राखाडी मुकुट, मोठ्यांना गुलाबी. पाय वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्यांचे, मान तारेवर गुंडाळलेल्या कापडाची.

आजीच्या पंचाहत्तरीला तलावपाळी, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाचा काठ. तिथे कागद कमीच लागतो. पितळी परातीत पाणी, त्यात खरी कमळं किंवा झेंडू, कडेला तिच्या काळातले फोटो दोरीवर लाकडी चिमट्यांनी. मुलांच्या पार्टीपेक्षा ही लवकर, दोन तासांत उभी राहते; वेळ जातो तो आधी फोटो शोधण्यात. ते काम आत्याकडे द्या.

वेळेची आखणी आणि उतरवणं

खोकी आणि फोटो दोन आठवडे आधी. डबे आधीच्या शनिवार-रविवारी, दोन बैठकांत. पाट्या आणि तिकिटं आठवडाभर संध्याकाळी जमेल तशी. पताका दोन दिवस आधी. भिंतीवर चढवायचं मात्र आदल्या रात्री, मुलं झोपल्यावर. त्याआधी चढवलंत तर पाहुण्यांच्या आधी घरातलाच कोणीतरी इंजिन घेऊन पळेल. फुगे लावणारच असाल तर त्याच दिवशी दुपारी फुगवा. रबरी फुगे एका रात्रीत निस्तेज होतात.

उतरवताना टेप सरळ ओढू नका. तिला भिंतीला जवळजवळ टेकवून, उलट दिशेने, सावकाश सोलत आणा, रंग वाचतो. जिलेटिन, टेप आणि फुग्यांचे तुकडे वेगळे काढून पुठ्ठा आणि कागद कोरडे रद्दीवाल्याला द्या. डबे मुलांना एकेक घरी न्यायला द्यायचे असतील तर आपले फोटो आधी सोडवून घ्या आणि रिकाम्या खिडकीत त्या मुलाचं नाव लिहा, म्हणजे रिटर्न गिफ्टचाही प्रश्न सुटतो. पाट्या, सिग्नल आणि एलईडी माळ मात्र घरीच राहू द्या. पाट्या चपट्या असल्याने कपाटामागे उभ्या राहतात, आणि शेजारचं कोणी ना कोणी त्या मागायला येतंच.